नवी स्क्रीन, जुना लॅपटॉप आणि तीच ती चूक

आर्णीत लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे माझं. जून लागला की दाखले, पीकविमा, कॉलेजचे फॉर्म सुरू होतात आणि उन्हाळाभर फुटकी स्क्रीन घेऊन बसलेल्यांना एकदम जाग येते. ऑनलाइन स्क्रीन मागवायची, व्हिडिओ पाहून घरीच लावायची, आणि बिघडली की मला विचारायचं. प्रश्न दरवर्षी तेच असतात, म्हणून या वेळी एकत्रच उत्तरं देतो.

प्रश्न : माझा लॅपटॉप 15.6 इंची आहे. त्या मापाची कोणतीही स्क्रीन चालेल ना? (शिक्षक, दिग्रस)

नाही. आधी जुनी स्क्रीन काढा आणि मागच्या स्टिकरवरच्या पूर्ण नंबरचा फोटो घ्या. लॅपटॉपच्या मॉडेलवरून मागवू नका, एकाच मॉडेलात कंपन्या वेगवेगळ्या स्क्रीन घालतात. पिना 30 की 40, कनेक्टर कोणत्या बाजूला, कडेला स्क्रूचे कान आहेत का, हे सगळं जुळलं पाहिजे. लॅपटॉप 2012-13च्या आधीचा असेल तर जास्तच जपा. तेव्हाच्या एलव्हीडीएस (स्क्रीनला चित्र पोचवायची जुनी पद्धत) स्क्रीनला बऱ्याचदा 40 पिना असायच्या, नंतरच्या काही ईडीपी (नवी पद्धत) स्क्रीनलाही 40च आहेत. प्लग गुमान बसतो, पण पिनांचा क्रम वेगळा असतो आणि चालू करताच नवी स्क्रीन जळू शकते. दुकानदाराला तो फोटो दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रश्न : स्क्रीन लावली, तर नुसती पांढरीफट्ट. (विद्यार्थी, उमरखेड)

बहुतेक केबल तिरपी बसली. बंद करून, बॅटरी काढून पुन्हा सरळ लावा; तरी पांढरीच राहिली तर दाखवून घ्या.

प्रश्न : भाऊ, दोन स्क्रीन बदलल्या तरी काहीच दिसून नाही राहिलं. पंखा फिरते, आवाज येते. मेकॅनिक म्हणते मदरबोर्ड गेला. (सेतू केंद्र चालक, दारव्हा तालुका)

अंधाऱ्या खोलीत जा, लॅपटॉप चालू करा आणि मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरपा मारा. अंधूक चित्र दिसलं तर चित्र येत आहे, फक्त मागचा उजेड गेलाय. मग दोन्ही स्क्रीन चांगल्या असतील आणि मदरबोर्डही. मला एकच सांगा, स्क्रीन लावताना लॅपटॉपची बॅटरी काढली होती का?

नसणारच काढली. गेल्या वर्षी असाच एक पोरगा खेड्यावरून आला होता. पिशवीत दोन नव्या स्क्रीन, आणि वर मदरबोर्डचा अंदाजे खर्च लिहिलेली चिठ्ठी. मी मीटर लावला. केबलच्या सॉकेटजवळ तिळाएवढा एक फ्यूज असतो, तो उडालेला होता. नवा फ्यूज टाकला आणि त्याने आणलेली पहिलीच स्क्रीन लख्ख लागली.

हे होतं कसं ते समजून घ्या. बऱ्याच बोर्डांवर स्क्रीनच्या उजेडाची लाईन थेट मुख्य सप्लायवरून येते. अ‍ॅडॉप्टर असेल तर साधारण 19 व्होल्ट, नसेल तर बॅटरीचे जेवढे असतील तेवढे. लॅपटॉप बंद केला तरी ही लाईन जिवंत राहू शकते. त्याच प्लगमध्ये 3.3 व्होल्टच्या नाजूक पिना शेजारी असतात. प्लग केसभर तिरपा घुसला की दोन पिना टेकतात आणि फ्यूज उडतो. ठिणगी दिसत नाही, आवाज होत नाही, म्हणून माणूस स्क्रीनलाच दोष देतो. व्हिडिओवाले ‘स्विच ऑफ करा’ म्हणतात आणि पुढे जातात. अरे, लाईन गेली म्हणून डीपीवर हात घालता का?

तर क्रम असा. अ‍ॅडॉप्टर काढा. बॅटरी बाहेरची असेल तर काढा. आतली असेल तर खालचं झाकण उघडून आधी तिचा प्लग सोडवा. पॉवर बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा. मगच स्क्रीनच्या केबलला हात लावा. तुमचा फ्यूज मात्र स्वतः बदलायला जाऊ नका, आणि त्यावर तार टाकून ‘जुगाड’ करणाऱ्याकडे तर मुळीच नको. पुढच्या वेळी फ्यूजऐवजी बोर्ड जळेल. मीटर वापरणाऱ्या मेकॅनिककडे जा आणि समोर बसून मोजून घ्या.

प्रश्न : झाकण हलवलं की चित्र जातं-येतं. (वरोरा)

बिजागरीपाशी केबल झिजली आहे. स्क्रीन मागवू नका, केबल तपासून घ्या.

प्रश्न : ‘शंभर टक्के ओरिजिनल’ म्हणून घेतली, आता मधोमध हिरवी उभी रेघ आहे. दुकानदार परत घेत नाही. (वरूड)

कधी घेतली होती? पत्रात लिहिलंय, संत्र्याच्या हंगामात घेतली आणि सवडीने लावली. परत करायची मुदत तुमच्या सवडीसाठी थांबत नाही. ‘ओरिजिनल’ या शब्दावरही विसंबू नका. मला स्वतःला नागपूरच्या एका ठोक विक्रेत्याने जुनी, पुसून चकचकीत केलेली स्क्रीन नवी म्हणून दिली होती; कानाच्या भोकांत स्क्रूचे जुने ओरखडे होते म्हणून कळलं. स्क्रीन आली त्याच दिवशी, वरची पन्नी न सोलता, कीबोर्डवर कापड टाकून त्यावर आडवी ठेवा, केबल जोडा आणि पांढरा, काळा, लाल रंग भरून पाहा. ठीक असेल तरच स्क्रू लावा. तुमची रेघ केबलची की स्क्रीनची, हे टीव्हीला जोडून कळणार नाही. दुसरी स्क्रीन लावूनच कळेल, म्हणून लॅपटॉप दुकानात न्या.

प्रश्न : रेघेवर हेअर ड्रायर मारला तर जाते म्हणतात. (त्याच वाचकाच्या चिरंजीवांकडून)

केस वाळवा.

प्रश्न : साध्या 1366 बाय 768 ऐवजी फुल एचडी लावता येईल का? (पुसद)

कधी कधी. स्क्रीन बसली तरी जुन्या केबलमध्ये तेवढ्या तारा असतीलच असं नाही. आधी विचारा, मग मागवा.

प्रश्न : वडिलांचा 2008चा लॅपटॉप आहे. चालू केला की स्क्रीन लालसर होते आणि थोड्या वेळाने अंधार. (आर्वी)

त्यात ट्यूबलाइटसारखी बारीक नळी असते, ती संपत आली. तिच्या इन्व्हर्टरमधून शेकडो व्होल्ट निघतात, घरी उघडू नका. टीव्ही किंवा मॉनिटरला जोडून वडिलांचे लॅपटॉपमधले फोटो आजच दुसरीकडे उतरवून घ्या. नळीसाठी नागपूरला चकरा मारल्या तर लॅपटॉपच्या किमतीपेक्षा एसटीचं भाडं जास्त होईल.