लग्न ठरलंय, आणि डॉक्टर सुंता करा म्हणतात

लग्नसराई जवळ आली की तरुणांकडून हा प्रश्न हटकून येतो: लिंगाची पुढची त्वचा मागे सरत नाही, आता कसं होणार? रायगडकडचा 27 वर्षांचा एक जण असाच माझ्याकडे आला. डॉक्टरांनी सुंता सुचवली होती. त्यानंतर तो कुठल्याच दवाखान्याची पायरी चढला नव्हता.

त्वचा मोठेपणी अचानक आवळून चिरा पडत असतील तर आधी रक्तातली साखर तपासायची. कडा पांढरी, कडक झाली असेल तर बहुधा शस्त्रक्रियाच लागते. त्याला युरोलॉजिस्टकडे (मूत्रविकारतज्ज्ञाकडे) पाठवलं; ना साखर वाढलेली होती, ना कडा कडक झालेली. अशा वेळी बीटामेथासोन 0.05 टक्के हे स्टेरॉइड मलम देतात: दिवसातून दोनदा, त्वचेच्या टोकाच्या घट्ट कड्यावर पातळ थर, 4 ते 8 आठवडे. सोबत आंघोळीच्या वेळी त्वचा दुखणार नाही इतपतच मागे सरकवायची. जोर केला की चीर पडते, ती भरताना व्रण होतो आणि कडं आणखी आवळतं. मागे नेलेली त्वचा लगेच पुढे आणायचीच. मागे अडकून सूज आली तर तडक रुग्णालय गाठायचं.

तरी त्याचा चेहरा उतरलेलाच.

“मलमाने नाही झालं तर?”

“मग शस्त्रक्रिया.”

बराच वेळ गप्प राहून म्हणाला, “सर, आपल्यात हे करत नाहीत. वडिलांना कळलं तर?”

खरी गाठ इथे होती. मी म्हटलं, “तुमच्याच भागातले बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, घरी मराठी बोलतात आणि मुलाची सुंता आठव्या दिवशी करतात. तिथे प्रार्थना असते, गोतावळा जमतो. ऑपरेशनच्या टेबलावर यातलं काय असतं?”

“काहीच नाही.”

“संकल्पच नाही, तर संस्कार कुठला? ते उपचार आहेत.”

त्याने पहिल्यांदा नजर वर केली. शरीराच्या तक्रारीआड घरातली भीती दडलेली असते, ती बोलून झाल्याशिवाय औषधसुद्धा नेमाने घेतलं जात नाही, हे मी ठामपणे मानतो. पुढच्या भेटीआधी त्याने होणाऱ्या बायकोला स्वतःहून सगळं सांगितलं होतं. त्याचं मलमावरच भागलं.

ज्यांचं भागत नाही त्यांच्यासाठी: सगळी त्वचा न काढता कडं सैल करण्याची शस्त्रक्रियाही असते, तिच्याबद्दल विचारा. सुंता केली तरी सहसा त्याच दिवशी घरी सोडतात, टाके 2-3 आठवड्यांत विरघळतात. संबंध आणि हस्तमैथुन मात्र 4 ते 6 आठवडे बंद. म्हणून शस्त्रक्रिया लग्नाच्या तारखेआधी किमान दोन महिने उरकलेली बरी, आणि मलम वापरून बघायचं असेल तर त्याहून दोन महिने आधी डॉक्टरांकडे जा.