‘सोबत’वर लाल पेन का चालतं?

एका वाचकाने विचारलं आहे : ‘मी त्याच्यासोबत बोललो’ असं लिहिलं की संपादक ते ‘त्याच्याशी बोललो’ करतात. ‘सोबत’ मराठीच आहे ना? मग एवढं चिडण्यासारखं त्यात काय आहे?

‘सोबत’ मराठीच आहे. फारसीतल्या ‘सोहबत’वरून आला आणि इतका मुरला की ‘सोबती’, ‘सोबतीण’ असा त्याचा संसारही इथेच झाला. घरात एकटं माणूस असलं की रात्री सोबतीला कुणी तरी येतं. अर्जाच्या शेवटी ‘सोबत : दाखल्याची प्रत’ असं आपण लिहितो. तिथे कुठलाही संपादक पेन उचलत नाही. चीड येते ती हिंदीतल्या ‘के साथ’ची सगळी कामं या एकट्या शब्दावर लादली जातात तेव्हा.

मराठीने ही कामं वाटून दिलेली आहेत. बोलणं, भांडणं, लग्न, ओळख, वैर, तुलना, गाठ पडणं हे सगळं ‘शी’कडे. जाणं-येणं, राहणं, कुणाच्या हाती काही पाठवणं ‘बरोबर’कडे. ‘कुटुंबासह’ म्हणताना ‘सह’. आणि काही ठिकाणी नुसती षष्ठी पुरते : ‘त्याच्यासोबत फसवणूक झाली’ नव्हे, ‘त्याची फसवणूक झाली’.

ही वाटणी मोडली की काय होतं, ते कोंढाण्यावर बघा. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे उदयभानाशी लढले आणि त्यांचे भाऊ सूर्याजी त्यांच्याबरोबर लढले. आता दोन्हीकडे ‘सोबत’ घाला. ‘तानाजी उदयभानासोबत लढले’, ‘सूर्याजी तानाजींसोबत लढले.’ शत्रू कोण आणि भाऊ कोण, हे इतिहास माहीत असलेल्यालाच कळेल. वाक्यातून ते पुसलं गेलं. ‘ती शेजारणीसोबत भांडली’ या वाक्यातही तोच घोटाळा आहे : शेजारीण समोर होती की बाजूने? लग्नाच्या बातमीत तर फारच जपावं लागतं. ‘धाकट्या बहिणीसोबत तिचंही लग्न झालं’ हे वाक्य ‘सोबत’च्या खऱ्या अर्थाने अगदी शुद्ध आहे, पण मागच्याच ओळीत ‘तिचं लग्न एका डॉक्टरसोबत झालं’ असं छापलेलं असेल, तर वाचक दचकणारच.

‘सोबत’चा सख्खा भाऊ म्हणजे ‘ला घेऊन’. ‘आरक्षणाला घेऊन मोर्चा’ असा मथळा दिसला की माझं डोकं खरंच तापतं. मोर्चा आरक्षण हवं म्हणून निघाला की नको म्हणून? ‘आरक्षणासाठी’ किंवा ‘आरक्षणाविरोधात’ लिहिलं असतं तर जागाही तेवढीच लागली असती. बातमीचा मुख्य मुद्दाच त्या ‘घेऊन’ने गिळला. ‘च्या माध्यमातून’चंही तेच. ‘ने’, ‘मुळे’, ‘मार्फत’, ‘तर्फे’ या चौघांना बाजूला सारून तो एकटा बसतो. मग ‘समितीच्या माध्यमातून मदत मिळाली’ यात समितीने स्वतः पैसे दिले की दुसऱ्याचे पोचवले, हे कळायला वाचकाने फोन करावा का?

‘माझी मदत कर’ हे उदाहरण थोडं वेगळं आहे. इथे अर्थ बुडत नाही, विभक्ती बिघडते. मराठीत मदत ‘मला’ करतात. ‘संपन्न झाला’मध्ये तर चूकही नाही, पण रोजच्या वापराने तो इतका गुळगुळीत झाला आहे की ‘झाला’ किंवा ‘पार पडला’ वाचून बरं वाटतं. भाषणातलं ‘या ठिकाणी’ काढून टाकावं, वाक्यातलं काहीही कमी होत नाही.

एक गोष्ट मात्र मला आग्रहाने सांगायची आहे. विदर्भात ‘माझ्यासोबत चल’, ‘त्याच्यासोबत बोल’ घराघरात म्हणतात. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं. तिथे मराठी आणि हिंदी पिढ्यान्‌पिढ्या एकाच गल्लीत राहत आल्या आहेत. कथेतली वऱ्हाडी बाई तसंच बोलणार आणि तिच्या तोंडचं वाक्य पुणेरी करण्याचा अधिकार कुठल्याही संपादकाला नाही. अशी दुरुस्ती केलेले संवाद मी वाचले आहेत. माणसाचा आवाजच हरवतो. पेन चालवायचं ते बातमीत, अहवालात, पाठ्यपुस्तकात, जिथे वाचकाला वाक्य पुन्हा विचारता येत नाही.

आणि पेन चालवतानाही सरसकट बदल नको. हल्ली संगणकावर एका फटक्यात सगळे ‘सोबत’ काढून ‘बरोबर’ घालतात. त्याने काहीच सुधारत नाही, कारण ‘उदयभानाबरोबर लढले’ हेही दोन्ही अंगांनी वाचता येतं. क्रियापद बघायचं, समोरचा माणूस बाजूचा की विरुद्ध हे बघायचं आणि मग प्रत्यय ठरवायचा. प्रत्येक वाक्यासाठी हे वेगळं करावं लागतं.