लॅपटॉपचं वायफाय मध्येच का तुटतं?

प्रश्न : घरात पासवर्डचं वायफाय आहे. मोबाईल व्यवस्थित चालतात, पण सहा वर्षांचा विंडोज लॅपटॉप दहा-पंधरा मिनिटांनी तुटतो. पासवर्ड बरोबर असूनही कधी कधी जोडलाच जात नाही. राउटर बदलू का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : एवढ्यात नको. मोबाईल चालतात, म्हणजे संशय आधी लॅपटॉपवर. विंडोजच्या ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये (लॅपटॉपच्या भागांची यादी) वायफाय अडॅप्टरच्या (वायफाय पकडणारा भाग) ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅबवर वीज वाचवण्यासाठी अडॅप्टर बंद करण्याची परवानगी असते. ती खूण काढा. मग लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून अडॅप्टरचा नवा ड्रायव्हर (तो भाग चालवणारं सॉफ्टवेअर) टाका.

जोडलाच जात नाही, याचं कारण बहुधा राउटरच्या सुरक्षा सेटिंगमध्ये सापडेल. तिथे ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३’ (वायफाय सुरक्षेच्या जुन्या-नव्या पद्धती) असा मिश्र पर्याय असेल, तर जुने अडॅप्टर त्यात अडखळतात. फक्त ‘डब्ल्यूपीए२, एईएस’ (एईएस म्हणजे माहिती सांकेतिक करण्याची पद्धत) ठेवून पाहा. ‘टीकेआयपी’ ही जुनी पद्धत मात्र निवडू नका. ती कमी सुरक्षित, शिवाय वेग ५४ एमबीपीएसवर अडकतो. बदलानंतर लॅपटॉपवर हे वायफाय ‘फरगेट’ करून (जतन झालेली जोडणी पुसून) पासवर्ड नव्याने टाका. हे बरेच जण विसरतात आणि राउटरला दोष देतात!

तरीही तुटत असेल, तर राउटरच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन लहरपट्ट्यांना (बँडना) वेगळी नावं द्या, म्हणजे लॅपटॉप दोहोंत उड्या मारणार नाही. शेजाऱ्यांच्या राउटरांची गर्दी असेल, तर २.४ वर १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळा चॅनेल (पट्ट्यातला उपमार्ग) आणि त्याची २० मेगाहर्ट्झ रुंदी ठेवा. जाड दगडी भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्झ लवकर मंदावतं, तिथे २.४ बरं.