‘अशी ही बनवाबनवी’सारखा वेडपट पिक्चर लोक दहा-दहा वेळा का बघतात?

‘वेडपट’ म्हणालात म्हणून लिहितोय, नाहीतर पुढं गेलो असतो. हाच शब्द आमच्या थोरल्या चुलत्यांच्या तोंडून ऐकत मी लहानाचा मोठा झालो. आप्पा नाट्यपंढरीचे, म्हणजे आमच्या सांगलीचे. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, हे भाजीवाल्यालाही ऐकवणार. त्यात स्वतः राज्य नाट्य स्पर्धेत उभे राहिलेले. लक्ष्या साडी नेसून आला की “माकडचाळे!” म्हणून चपला सरकवून बाहेर.

2019 च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं. आम्ही गावभागातनं उठून विश्रामबागला बहिणीकडं. दोन खोल्या, अकरा माणसं, लाइट नाही. आप्पांचं एकच चाललेलं, “वह्या खालच्या कपाटात राहिल्या.” तालमीच्या वह्या. तिसऱ्या रात्री भाचीनं फोनवर बनवाबनवी लावला. फोन टेकवलेला भडंगाच्या डब्याला, त्यामुळं कुणी भडंग घ्यायला हात घातला की अशोक सराफ आडवा. पार्वतीचं, म्हणजे साडीतल्या लक्ष्याचं, डोहाळजेवण आलं आणि आप्पांच्या तोंडातलं भडंग थेट स्क्रीनवर. डोळ्यांतनं घळाघळा पाणी. म्हणाले, ठसका लागला, मिरची फार आहे. अजूनही तेच म्हणतात. अहो, घरात बारकी पोरं म्हणून बहिणीनं त्या भडंगात मिरची घातलीच नव्हती!

का बघतात म्हणाल, तर त्यातली अडचण खरी आहे. पुण्यात चार पोरांना जागा पाहिजे आणि मालकीण जोडप्यांशिवाय देत नाही, म्हणून दोघं बायकांचं सोंग घेतात. एकदा थाप मारली की तिला सांभाळायला दुसरी, दुसरीला तिसरी. अशोक सराफ विनोद करायला उभा नाहीच, डोक्यावरचं छप्पर जाईल म्हणून त्याला खरोखर घाम फुटलेला असतो. संवाद वसंत सबनीसांचे, म्हणजे ‘विच्छा माझी पुरी करा’ लिहिणारा हात. असला माणूस वाक्य वाया घालवत नाही.

आप्पांचा हुकमी पत्ता म्हणजे, “हिंदीवरनं उचललाय.” उचललाय की, 1966 च्या ‘बीवी और मकान’वरनं. मग आपल्या हरिपूरच्या देवलांचं ‘संशयकल्लोळ’ कुठनं आलं? मूळ मोलिएरचंच ना? एका तसबिरीवरनं नवरा-बायको एकमेकांवर संशय घेत नाटकभर पळतात, ते अभिजात. आणि 1988 साली सचिननं तसलाच गोंधळ पडद्यावर घातला की माकडचाळे!

आता सगळेच वेडपट पिक्चर मी डोक्यावर घेत नाही. नुसतं किंचाळणं म्हणजे विनोद समजणारे ढिगानं आहेत, आणि पुरुषांना साड्या नेसवून हशा काढणं एखाद्याला रुचणारही नाही. त्याला माझी हरकत नाही.

पण बघणार असाल तर एकट्यानं बघू नका, घरातलं एखादं नाटकवालं म्हातारं शेजारी बसवा. आणि भडंग बिनमिरचीचं ठेवा, ते सगळ्यांसमोर आधी त्यांना चाखायला लावा.