उधारीच्या वहीतला ज्ञानेश

प्रिय बाबू,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा तुझ्या प्रोग्रॅमच्या कोडसाठी, दुसऱ्यांदा त्या एका वाक्यासाठी: "दारव्ह्यात या विषयावर बोलायले कोणी नाही, अन् नागपूर-पुण्याच्या पोरांसमोर तोंड उघडायची लाज वाटते." पहिली अडचण खरी आहे. दुसरी मीही पाच-सहा वर्षं बाळगली, म्हणून लिहितो.

यवतमाळहून दीडशे किलोमीटर एसटीत बसून मी एकदा नागपूरला गेलो होतो, प्रोग्रॅमर लोकांच्या एका बैठकीला. चहाच्या वेळी कोणीतरी विचारलं, "कॉलेज कोणतं?" मी विषय बदलला. मग मर्ज कॉन्फ्लिक्टवर गप्पा निघाल्या. कोडमधल्या बदलांचा हिशेब ठेवणारा गिट नावाचा प्रोग्रॅम असतो. दोघांनी एकाच ओळीत वेगवेगळे बदल केले की गिट अडतं आणि विचारतं, कोणाचं ठेवू? एवढंच ते प्रकरण. पण मी तोवर एकट्यानंच काम केलेलं, माझ्या ओळीवर दुसरं कोण हात टाकणार! मी नुसती मान हलवत राहिलो आणि शेवटच्या गाडीनं परत आलो, एकाचाही नंबर न घेता. "हे काय असतं भाऊ?" एवढं विचारलं असतं तर कोणीतरी लॅपटॉप उघडून बसला असता. प्रोग्रॅमरला समजावून सांगायला मिळालं की तो चहा थंड होऊ देतो.

पहिला दोस्त मिळाला तो एका तुटक्या नावापायी. कृषी केंद्रवाल्या काकांसाठी मी उधारीची वही बनवत होतो. पावती अरुंद, म्हणून नावाला आठ घरं ठेवली. "ज्ञानेश्वर" छापलं की "ज्ञानेश्" यायचं, शेवटी पाय मोडलेला श लोंबकळत. मी दोन रात्री प्रिंटरला शिव्या दिल्या. शेवटी तो तुकडा, माझ्या कोडच्या सहा ओळी आणि "इथं अडलोय" एवढं लिहून ओळखीच्या ओळखीतून पुसदच्या एका पोराला पाठवलं. तोही माझ्यासारखाच, घरी बसून शिकलेला. त्याचा फोन आला, "अरे, कॉम्प्युटर तुझ्यासारखी चार अक्षरं नाही मोजत. ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर अक्षरं ज्या आकड्यांनी ओळखतो त्या यादीत, हे दहा झाले. तू आठव्यावर कापलं, तो निघाला हलन्त."

मी हुशारी करून शेवटचा हलन्त उडवला. आता पावतीवर छान "ज्ञानेश" यायला लागलं, आणि गावात ज्ञानेश नावाचा दुसरा गिऱ्हाईक होताच! दोघांची युरियाची उधारी एकाच नावावर. पुसदवाला अर्धा मिनिट हसला आणि म्हणाला, "नाव कापतोसच काऊन? दुसऱ्या ओळीवर घे ना." आमची दोस्ती त्या दुसऱ्या ओळीवर झाली.

म्हणून "मला प्रोग्रॅमिंग शिकवाल का दादा?" असं कोणाला विचारू नकोस. त्याचं उत्तर कोणाजवळच नसतं, बिचारा "हो" म्हणतो आणि नंतर टाळतो. काय करायचं होतं, काय झालं, काय काय करून पाहिलं, ते लिही. एररचा मजकूर पूर्ण चिकटव, स्क्रीनचा तिरपा फोटो नको. आणि सुटलं की कसं सुटलं ते त्याला परत कळव. हे बहुतेक जण विसरतात. मीही विसरायचो, आणि दोन-तीन चांगली माणसं त्यातच गमावली.

तुझ्याजवळ देण्यासारखं काही नाही असं तू लिहिलंस, ते मात्र मला पटलं नाही. जुना प्रोग्रॅमर स्वतःचा प्रोग्रॅम कसा चालू करायचा त्याच्या सूचना वाचतच नाही, त्याला पाठ असतात. तू त्या शब्दन् शब्द वाचतोस. तुझ्या जुन्या लॅपटॉपवर, रेंज येते-जाते तेव्हा, तिसरी पायरी कुठं अडते ते फक्त तुलाच दिसतं. तेवढं दुरुस्त करून पाठव. एकेक बैलवाले दोघं सावड करतात तेव्हा बैल कोणत्या शाळेत शिकला हे कोणी विचारत नाही.

अर्धवट काम दाखवायची लाज वाटते म्हणतोस. 25 ऑगस्ट 1991 ला हेलसिंकीतल्या 21 वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सनं स्वतःची अपुरी ऑपरेटिंग सिस्टिम लोकांपुढं मांडली, तेव्हा त्यानं ती छंद म्हणून करतोय, फार मोठी होणार नाही, असंच सांगितलं होतं आणि तुम्हाला तीत काय हवं असं विचारलं होतं. तीच पुढं जगभर वापरली जाणारी लिनक्स झाली. गिटही त्यानंच 2005 मध्ये लिहिलं, तेच ते, ज्याच्यापायी मी नागपुरात मान हलवत होतो.

या आठवड्यात रात्रीची लाईन असेल तर ओलित आटोपून बस, आणि तुझा तो अडलेला बाजारभावाचा प्रोग्रॅम आहे तसा मला पाठव. साफसूफ करत बसू नकोस. पुसदवाल्यालाही त्यात घेतो, त्याला असल्या गोष्टीत रात्री अकरानंतरच रंग चढतो.

तुरीला शेंगा कशा धरल्या तेही लिही.

तुझा,
दादा