सैनिकांसमोर सादर होणारे दूरचित्रवाणी कार्यक्रम नेमके कोणासाठी असतात?

छावणीत जाऊन चित्रित केलेले मनोरंजनाचे कार्यक्रम खरोखर जवानांसाठी असतात, की घरी बसून ते पाहणाऱ्यांसाठी, असे आपण विचारले आहे. ते दोघांसाठीही असतात. मात्र ज्या कार्यक्रमात जवानाला टाळ्या वाजवण्यापलीकडे काही काम मिळते, तोच मला श्रेष्ठ वाटतो.

अमेरिकेचे विनोदी कलाकार बॉब होप यांनी १९६४ ते १९७२ या काळात, व्हिएतनाम युद्ध चालू असताना, दरवर्षी नाताळात तिथल्या अमेरिकी लष्करी तळांवर कार्यक्रम केले. लेस ब्राउन यांचा वाद्यवृंद, नामवंत नट्या आणि होप यांचे विनोद असा तो थाट असे. त्याचे संकलित रूप एनबीसी वाहिनी पुढे जानेवारीत दाखवी, आणि १९७० च्या जानेवारीतला भाग तर अमेरिकी दूरचित्रवाणीवरील सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या कार्यक्रमांत मोडतो. कॅमेरा वारंवार सैनिकांकडे वळे, त्यामुळे ज्यांची मुले तिकडे होती त्यांच्यासाठी ते चेहरेच मोलाचे होते. तरीही बहुतेक सैनिक शेवटपर्यंत प्रेक्षकच राहिले.

दक्षिण कोरियाच्या एमबीसी वाहिनीवर १९८९ ते १९९७ या काळात चाललेला ‘उजंगए मुदे’, म्हणजे ‘मैत्रीचा रंगमंच’, मला म्हणूनच अधिक भावतो. बहुतांश काळ त्याचे निवेदन ‘पोपाय’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या ली सांग-योंग यांनी केले. गायक-गायिका येत, जवान स्वतःची कला दाखवत. पण लोक ज्याची वाट पाहत, तो भाग आईचा होता. कोणा एका जवानाची आई पडद्यामागे असे आणि तिचा फक्त आवाज ऐकू येई. मग ‘ही माझीच आई’ असे वाटणारे कितीतरी जण मंचावर चढत, कडक सलाम ठोकत आणि ‘पडद्यामागे माझीच आई आहे, याची मला खात्री आहे!’ असे ठणकावून सांगत. कारणे बहुधा हास्यास्पद असत आणि सारी छावणी खदखदून हसे. पडदा दूर झाला की खरा मुलगा धावत जाऊन आईला मिठी मारी, आणि त्याला तिच्यासोबत घरी जायला रजा मिळे.

या प्रसंगाचे बळ सक्तीच्या लष्करी सेवेत आहे. तेथे तरुणांना दोन वर्षांहून अधिक काळ घर सोडावे लागे, म्हणून ती आई समोर बसलेल्या प्रत्येक जवानाला आपली वाटे आणि तो मुलगा घरोघरी आपला वाटे. अशा वेळी छावणीतला प्रेक्षक आणि घरातला प्रेक्षक वेगळे काढताच येत नाहीत. आपल्याला यातले एकच काही पाहायचे असेल, तर गाणी सोडून थेट हा आईचा भाग पाहावा; कोरियन भाषा येत नसली तरी काही अडत नाही.