एकच झाड धर

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

टॅरोच्या एका पुस्तकात मॅजिशियन या पत्त्याला आलेफ हे हिब्रू अक्षर दिलंय, दुसऱ्यात बेथ. एका डेकमध्ये, म्हणजे पत्त्यांच्या संचात, जस्टिस आठवी, दुसऱ्यात अकरावी. मग खरं कोणाचं, असं विचारतेस. हा प्रश्न आधी सोडून दे. तो इथे लागूच होत नाही.

टॅरो पंधराव्या शतकात उत्तर इटलीत जन्मला, तो पत्त्यांचा खेळ म्हणून. कबाला त्याहून जुनी, ज्यू परंपरेतली गूढविद्या. ‘सेफेर येत्झिरा’ या छोट्याशा प्राचीन ग्रंथात दहा सेफिरोथ (देवत्वाची दहा रूपं, एकीला सेफिरा म्हणतात) आणि बावीस अक्षरं मिळून बत्तीस वाटा सांगितल्या आहेत. तेराव्या शतकात स्पेनमध्ये ‘झोहर’ हा ग्रंथ आला, सोळाव्यात आजच्या इस्रायलमधल्या सफेद नावाच्या गावी आयझॅक लुरियाने या विचाराला नवं वळण दिलं. या मंडळींचा टॅरोशी काडीचा संबंध नव्हता. बावीस अक्षरं आणि टॅरोचे बावीस मोठे पत्ते यांची सांगड 1781 मध्ये पॅरिसला छापलेल्या एका ग्रंथात पहिल्यांदा घातली गेली. 1850 च्या दशकात एलिफास लेव्ही या फ्रेंच गूढवाद्याने ती पक्की केली, तेव्हा आलेफ मॅजिशियनला गेलं आणि द फूलला शिन मिळालं. 1888 मध्ये लंडनला स्थापन झालेल्या गोल्डन डॉन या गूढविद्येच्या मंडळाने द फूल सर्वांत आधी ठेवला. साहजिकच शेवटचा वर्ल्ड सोडून बाकी पत्त्यांची अक्षरं एकेक घर सरकली.

म्हणजे ही सांगड माणसांनी घातलेली आहे. म्हणूनच मी पुन्हा पुन्हा सांगतो, एकच मांडणी धर. तिचा उपयोग आतल्या सुसंगतीत आहे. दोन मांडण्या मिसळल्यास की सुसंगती गेली, आणि हातात उरतात भाराभर चिंध्या.

तुझ्याकडे रायडर-वेट डेक आहे. 1909 चा, चित्रं पामेला कोलमन स्मिथची. डेक रचणारा वेट गोल्डन डॉनमधलाच, तेव्हा तुझी मांडणी गोल्डन डॉनची. तिथे तेथ हे अक्षर सिंह राशीचं आणि लामेद तुळेचं, म्हणून सिंहवाली स्ट्रेंग्थ आठवर आणि तराजूवाली जस्टिस अकरावर गेली. तुझं कोडं एवढंच होतं. क्रोली या इंग्लिश गूढवाद्याच्या थॉथ डेकमध्ये एम्परर आणि स्टार यांच्या अक्षरांची अदलाबदल आहे. ते त्याच्या घरी. तू तिकडे सध्या बघू नकोस.

आता झाड, म्हणजे दहा सेफिरोथ आणि त्यांना जोडणाऱ्या बावीस वाटांचं चित्र, स्वतः काढ. छापील चित्र नको. ए-फोर कागद उभा धर, मधोमध उभी रेघ मार. वरच्या कडेपासून 7, 12, 17, 22 आणि 27 सेंटिमीटरवर खुणा कर. कंपास 5 सेंटिमीटर उघडून पहिल्या चार खुणांवर चार वर्तुळं काढ. शेजारची वर्तुळं एकमेकांना छेदतात तिथे डावीकडे तीन आणि उजवीकडे तीन बिंदू मिळतील. मधल्या रेघेवर वरून केतेर, मग एक रिकामी जागा, मग तिफेरेथ, येसोद आणि तळाला माल्खुथ. उजवीकडे खोख्मा, खेसेद, नेत्साख. डावीकडे बीना, गेवुरा, होद. रिकाम्या जागेला दाथ म्हणतात, ती दहांत धरायची नाही. कंपासचं टोक जरा सरकलं तरी डावा-उजवा बिंदू एका पातळीत येत नाही. तसं झालं तर खोडत बसू नकोस, नवा कागद घे.

मग त्यांना जोडणाऱ्या बावीस रेघा, म्हणजे बावीस अक्षरांच्या वाटा. इथेच घोळ होतो. खोख्मापासून गेवुराला आणि बीनापासून खेसेदला जाणाऱ्या तिरक्या रेघा कुठे दिसल्या, तर ते झाड लुरियाच्या परंपरेतलं समज. त्यात माल्खुथला एकच रेघ येते आणि तिन्ही आडव्या रेघांवर आलेफ, मेम, शिन ही तीन मातृ-अक्षरं असतात. तुझ्या झाडात माल्खुथला तीन रेघा येतील, आणि आडव्या रेघांवर दालेथ, तेथ, पे. नेटवर चित्र एका झाडाचं आणि अक्षरं दुसऱ्याची अशी असंख्य चित्रं फिरतात. डोकं उठतं ते यानेच.

मोठ्या पत्त्यांसाठी पत्त्याच्या आकड्यात अकरा मिळव, की त्याच्या वाटेचा क्रमांक मिळतो; पहिले दहा क्रमांक सेफिरोथचे. द फूल शून्य, म्हणून त्याची वाट अकरावी, केतेर ते खोख्मा. हाय प्रीस्टेस दोन, वाट तेरावी, केतेरवरून सरळ खाली तिफेरेथला, त्या रिकाम्या जागेतून जाणारी. तिच्या दोन्ही बाजूंना बी आणि जे अक्षरांचे खांब आहेत ना, ते झाडाच्या दोन बाजूंशी जोडून बघ. वर्ल्ड एकवीस, वाट बत्तिसावी. आणि हे विसरू नकोस, मोठ्या पत्त्याचा आकडा म्हणजे सेफिराचा आकडा नव्हे. हायरोफंट पाचवा आहे म्हणून त्याला पाचव्या गेवुरावर नेऊन बसवू नकोस.

आकडा आणि सेफिरा जुळतात ते छोट्या पत्त्यांत, म्हणजे वाँड्स, कप्स, स्वोर्ड्स आणि पेंटॅकल्स या चार रंगांच्या एक्क्यापासून दहापर्यंतच्या पत्त्यांत. एक्का केतेर, दहा माल्खुथ. चाळीस पत्ते जमिनीवर झाडासारखे मांड, प्रत्येक जागी चार. मग चारही पंजे एकत्र बघ. वाँड्समध्ये काठ्यांची हाणामारी, कप्समध्ये तीन सांडलेले पेले, स्वोर्ड्समध्ये हरलेल्यांच्या तलवारी गोळा करणारा माणूस, पेंटॅकल्समध्ये चर्चच्या उजळलेल्या खिडकीखालून बर्फात चाललेले दोन गरीब. गेवुरा म्हणजे कठोरपणा, तोड, मर्यादा. हे चार पत्ते वेगवेगळे पाठ करायची गरजच उरत नाही. त्यांच्याखाली मधोमध तिफेरेथ, तिथे चारही छक्के: विजयाची मिरवणूक, फुलांचा पेला देणारं मूल, नावेतून पैलतीराकडे नेणं, तराजू धरून दान. तोडीनंतर तोल. आता पेंटॅकल्सचा दश्शा हातात घे आणि दहा नाण्यांची जागा नीट बघ. तेच झाड आहे.

हे सोडून तू सात चक्रं दहा सेफिरोथवर बसवायला निघालीस. कशासाठी गं? सातात दहा बसवायला काहीतरी कोंबावं लागतं आणि कोंबलेलं पुढे प्रत्येक वाचनात टोचतं. चक्रांबद्दल मला आदर आहे, ती त्यांच्या जागी शिक. हिब्रू अक्षरांचंही तसंच. आपल्याकडच्या बेने इस्रायली, म्हणजे ज्यू, घरांत दाराच्या चौकटीवर मेझुझा (धर्मवचनांची गुंडाळी ठेवलेली छोटी डबी) असते, तिच्यावर बहुधा शिन कोरलेलं असतं. तुझ्या झाडावर शिन म्हणजे जजमेंटचा पत्ता, पण त्या घरात तो अर्थ घेऊन जाऊ नकोस. तिथे ते देवाच्या नावाचं अक्षर आहे.

मला हटवादी म्हणतात, म्हणोत. हुशार मुलं तीन-तीन डेक आणि चार-चार तक्ते घेऊन बसतात आणि वर्षभरात कंटाळून सोडून देतात, याची मला खरीच खंत आहे. त्यांची बुद्धी कमी नव्हती, धरसोड नडली. म्हणून तुझ्यावर असा तुटून पडतोय. रागावू नकोस.

आठ दिवस फक्त झाड काढ, रोज एक, न बघता. बावीस रेघा भरल्या का ते मोज. एकवीस झाल्या तर बहुधा केतेर ते तिफेरेथ ही लांब रेघ राहिलेली असते. मग दहा दिवस रोज एक सेफिरा आणि तिचे चार पत्ते. मोठे पत्ते त्यानंतर, माल्खुथकडून वर, बत्तिसाव्या वाटेपासून. तोवर कुणाचं भविष्य सांगायचं नाही, मैत्रिणींचंसुद्धा. आठव्या दिवशीच्या झाडाचा फोटो मला पाठव.